दारातला स्लीपर

आमच्या जुन्या घराच्या पुढच्या दारी, ओट्याच्या डाव्या अंगाला, एक लांबलचक काळपट लाकूड दोन दगडांवर आडवं टाकलेलं असायचं. कामशेतला आमच्याकडे येऊन गेलेल्या प्रत्येक पाहुण्याने त्याच्यावर बसून चहा घेतलेला आहे. मुंबईच्या आत्याची मुलं त्याला 'अण्णांची बस' म्हणायची. आमच्या नात्यातल्या मंडळींना ते नक्की आठवत असेल. इतरांसाठी सांगतो, तो रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर होता. आमचे वडील, अण्णा, रेल्वेत गँगमन होते. बाद झालेल्या स्लीपरांचा लिलाव व्हायचा, त्यातून त्यांनी तो रीतसर पैसे भरून घेतला होता आणि बैलगाडीतून घरी आणला होता.

आज त्या लाकडाविषयी लिहायचं आहे. लिहायला पन्नास वर्षं उशीर झाला आहे, पण असो.

गोष्ट १९७४ची. मी बी.ए. होऊन नुकताच शाळेत लागलो होतो. शिकवायला इतिहास-भूगोल. शाळेतले दोन-तीन सहकारी रविवारी घरी आले होते. त्यातल्या एकाने स्लीपरवर हात फिरवून विचारलं, "अण्णा, लाकूड कसलं हो हे?" अण्णा म्हणाले, "साल हाय. सीपीचा." मी लगेच हसलो. म्हणालो, "अण्णा, साल आपल्याकडे होत नाही. तो तिकडे पूर्वेला, मध्य प्रदेश, ओरिसा, हिमालयाच्या पायथ्याला. आपल्या सह्याद्रीत साग. तुम्हाला साग म्हणायचं असेल." आठवड्यापूर्वीच नववीला पानझडी अरण्यांचा धडा शिकवला होता, ते सगळं ताजं होतं. सहकारीही हसले. अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कुणी त्या लाकडाबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "मास्तरला इचारा. साग म्हनतोय." हे ते चिडून म्हणत नसत, हे मला जास्त लागायला हवं होतं. तेव्हा लागलं नाही.

अण्णा १९९३ साली गेले. २०१९मध्ये जुनं घर पाडून इमारत करायचं ठरलं. घरातल्या तुळया, खांब, चौकटी बघायला जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. हल्ली लोणावळ्याच्या बंगल्यांतून जुन्या लाकडाला फार मागणी आहे. त्याने तुळया पाहिल्या, दोन सागाच्या निघाल्या, बाकी ऐन. मग मी मोठ्या ऐटीत त्याला स्लीपर दाखवला. म्हटलं, हा बघा, शंभर वर्षांचा साग. त्याने खिशातला चाकू काढून एका कडेला खरवडलं, बोटाने चोळलं, वास घेतला, एक टोक उचलून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे साग नाही. सागाला असं वजन नसतं." आणि तो पुढच्या चौकटीकडे वळला.

त्या रात्री मला झोप आली नाही. सौ. म्हणाली, लाकडापायी जागताय का? तिला काय सांगणार.

मुळात स्लीपर म्हणजे काय, तो काय काम करतो, हे आधी सांगायला हवं, कारण नवीन पिढीने सिमेंटचेच पाहिलेत. रुळांचा जोड एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणं, गाडीचा भार खडीवर पसरवणं, हादरे पोटात घेणं, ही त्याची कामं. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद, पाच इंच जाड. गुणाकार केला तर सव्वातीन घनफुटांच्या आतबाहेर लाकूड भरतं. एका मैलाला साधारण १७६० ते २००० स्लीपर लागत. मुंबई ते पुणे एकशे एकोणीस-वीस मैल. म्हणजे नुसत्या एका मार्गाला दोन लाखांहून जास्त स्लीपर, सहा लाख घनफुटांवर लाकूड. मग दुसरा मार्ग, सायडिंग, यार्डं वेगळीच. आणि हे एकदा करून भागत नाही. पाऊस, वाळवी, ऊन, खिळ्यांच्या भोकांतून शिरणारं पाणी यांनी चांगलं लाकूडही दहा-पंधरा वर्षांत बदलावं लागतं. शाळेत मी हे गणित मुलांना घालायचो. ती लाकडं कुठून आली हा प्रश्न मात्र मी कधी घातला नाही.

आपल्या भागात गाडी आली ती पुण्याच्या बाजूने. जून १८५८मध्ये पुणे ते खंडाळा हा मार्ग सुरू झाला आणि कामशेतवरून आगगाडी धावू लागली. बोरघाटाचं काम तेव्हा चालूच होतं. खंडाळ्याहून लोक पालख्या-खुर्च्यांतून घाट उतरून खाली दुसरी गाडी धरत. पंधरा मैलांचा चढ, पंचवीस बोगदे, ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं कामावर. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवला. २१ एप्रिल १८६३ला घाट खुला झाला. ही सगळी हकिकत आम्ही शिकवतो, त्यात बोगदे असतात, पूल असतात, मुख्य इंजिनियर बर्कले असतो. रुळाखालचं लाकूड नसतं.

आता सागाचं म्हणाल तर तो रेल्वेच्या आधीपासूनच दुसऱ्या कामाला जुंपलेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवानासारखं लाकूड परवानगीने तोडून आणावं, पण आंबा-फणस रयतेच्या झाडांना जुलमाने हात लावू नये, अशा अर्थाची आज्ञा आहे. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी सागाची जहाजं बांधली. त्यातलं 'त्रिंकोमाली' हे १८१७ सालचं जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. ओकची जहाजं ज्या पाण्यात कुजत तिथे मुंबईचा साग टिके. म्हणून सागावर आधी आरमाराचा डोळा, मग बांधकामाचा. १८४७ साली मुंबई इलाख्यात जंगलांवर देखरेखीसाठी संरक्षक नेमला गेला, डॉ. अलेक्झांडर गिब्सन. हे गृहस्थ त्याआधी दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. लोकलने पुण्याला जाताना दापोडी स्टेशन लागलं की मला आता त्यांची आठवण येते. जंगल संपत चाललं आहे, ही ओरड रेल्वे येण्याआधीची आहे, हे लक्षात घ्या. रेल्वे आली आणि ती मागणी कैक पटींनी वाढली.

साग महाग, आणि हाताशी असलेली बाकीची लाकडं भरवशाची नाहीत. म्हणून त्या सुरुवातीच्या काळात हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठी चक्क विलायतेहून स्लीपर येत. बाल्टिक समुद्राकडचं पाइनसारखं मऊ लाकूड, त्यात क्रिओसोट नावाचं डांबरी तेल दाबाने मुरवलेलं. काही मार्गांवर ओतीव लोखंडाचे कढईसारखे पालथे स्लीपर घातले. जंगलांच्या देशात जहाजाने लाकूड आणायचं, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा खोटी वाटली होती. पण मऊ लाकडाला तेल पाजता येतं, सालासारख्या कठीण लाकडाच्या गाभ्याला पाजता येत नाही, हे त्यामागचं एक कारण. त्यावर पुढे येतोच.

डलहौसीने १८५५मध्ये जंगलांचं धोरण जाहीर केलं. १८६४मध्ये दीत्रिख ब्रँडिस या जर्मन माणसाला सगळ्या देशाच्या जंगलांचा प्रमुख केलं. १८६५चा आणि १८७८चा कायदा, राखीव जंगलं, हे सगळं त्यामागून आलं. या कायद्यांनी आपल्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांचं काय केलं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो असा जाता जाता उरकण्याचा नाही. इथे सांगायचं एवढंच की स्लीपरसाठी कुठलं झाड, किती आणि कुठून, हा या खात्याच्या कामाचा मोठा भाग होता. बिनतेलाचा टिकणारा स्लीपर कोणत्या झाडाचा होतो याची पारख झाली, त्यात उत्तरेकडे देवदार, ब्रह्मदेशाकडे पिंकाडो, आणि हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य हिंदुस्थानापर्यंत साल. मंडला, बालाघाट, बस्तर ही सालाची घरं. १८७०मध्ये मुंबईहून निघालेली लाइन जबलपूरला पूर्वेकडच्या लाइनला मिळाली. पुढे नागपूरहून छत्तीसगडमार्गे बंगालकडे जाणारी लाइन झाली. म्हणजे ज्या जंगलातून रूळ गेले त्याच जंगलाचे स्लीपर त्याच रुळांवरून देशभर गेले. अण्णांचा 'सीपी' म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. नोकरीला लागले तेव्हा वॅगनमधून उतरणाऱ्या मालाला मुकादम जे म्हणायचा तेच त्यांनी आयुष्यभर म्हटलं.

झाड कुठे उगवतं हे मला ठाऊक होतं. लाकूड प्रवास करतं, हे रेल्वेच्या माणसाच्या मुलाला सुचलं नाही.

बरं, पण व्यापाऱ्याने साग नाही म्हटलं म्हणून साल ठरत नाही. ऐनही असू शकेल. ऐन आमच्या मावळातला, जड, काळपट, घराच्या तुळयांत सगळीकडे. म्हणून मी वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, रंगावर जाऊ नका, ऊन-पाऊस खाल्लेलं सगळंच लाकूड शेवटी काळं होतं. आडवा छेद घ्या, धारदार पात्याने गुळगुळीत करा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने बघा. त्याआधी वजन करा.

स्लीपरचं जमिनीकडचं टोक कुजलं होतं, ते कापून काढायचंच होतं. सुताराला बोलावलं. त्याची करवत थोडी आत गेल्यावर त्याने कपाळाचा घाम पुसून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यापेक्षा लोखंड बरं." कुजलेला भाग गेल्यावर आतलं लाकूड जे दिसलं ते तांबूस तपकिरी, घट्ट, जणू काल तोडलेलं. त्यातून त्याने मला एक चौकोनी ठोकळा काढून दिला, वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच. दोन हजार घनसेंटिमीटर. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर १ किलो ६९० ग्रॅम. म्हणजे पाण्याच्या सुमारे ०.८५ पट. वाळलेला साग ०.६५च्या आसपास असतो, तेवढाच ठोकळा सागाचा असता तर सव्वा-तेराशे ग्रॅमच्या पुढे गेला नसता. त्या हिशेबाने अख्खा नवा सालाचा स्लीपर पंच्याहत्तर किलोच्या वर जातो. अण्णा आणि त्यांचे सोबती असले स्लीपर खांद्यावर घेऊन खडीतून चालत असत.

वजनाने साग बाद झाला, ऐन नाही. ऐनही तेवढाच भरतो. मग भिंग. सुताराने पटाशीला धार लावून छेद तासून दिला. आमच्या घरात नातवाच्या प्रकल्पासाठी आणलेलं भिंग होतं, ते घेऊन ओट्यावर उन्हात बसलो.

सागाचा छेद कसा दिसतो ते आधी त्या जुन्या तुळईच्या तुकड्यावर पाहून ठेवलं होतं. त्यात वर्षावर्षाची वलयं स्पष्ट असतात, प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग आणि नंतर बारीक छिद्रं. हाताला तेलकट लागतो, कातड्यासारखा वास येतो. ठोकळ्यात तसं काही नव्हतं. छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली, आणि बहुतेक बुजलेली, आत काचेच्या पापुद्र्यासारखं चमकणारं काहीतरी. स्नेही म्हणाले होते, झाडाचा गाभा तयार होताना या नळ्या झाड स्वतःच आतून बंद करून घेतं. सालात त्या इतक्या गच्च बंद होतात की बाहेरून दाबाने तेल घालू म्हटलं तरी गाभ्यात शिरत नाही. मघाशी म्हटलं ते हेच. तसं घालायची गरजही नसते, कारण पाणी आणि बुरशीलाही तीच अडचण, शिवाय गाभ्यातली द्रव्यं वाळवीला मानवत नाहीत. पण ही सगळी मिजास गाभ्याची. सालीलगतचं फिकट लाकूड जवळजवळ तेवढंच जड असूनही लवकर किडतं. आमच्या स्लीपरचं एका कडेचं चार बोटं लाकूड भुसा झालं होतं ते त्यामुळेच.

आणि मग ती खूण दिसली. छेदावर आडव्या, वलयासारख्या लांब रेषा, आणि रेषेत एकाला एक लागून पांढरे बारीक ठिपके, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. या राळेच्या नळ्या. ऐनाला त्या नसतात, सागाला नसतात. देवासमोर धुपात घालतो ती राळ सालाच्या झाडाचीच. मी हौसेने एक ढलपी जाळूनही पाहिली, राळेचा वास येईल म्हणून. धुराचाच आला.

भिंग बाजूला ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसलो. सुतार म्हणाला, "काय निघालं?" मी म्हटलं, "साल." तो म्हणाला, "मग बरोबरच की. चौकटीबी सालाच्याच येत्यात आता."

हे खरं आहे. आमच्या नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात दारांच्या चौकटी 'मलेशियन साल' असं छापलं होतं आणि मी ते वाचूनही पुढे गेलो होतो. सालाचे भाऊबंद मलायाकडच्या जंगलात कितीतरी आहेत, तिकडे त्यातल्या जड जातींना बालाउ म्हणतात. वखारीत मलेशियन साल या एका नावाखाली त्यातल्या अनेक जाती येतात. कामशेतच्या वखारीत समुद्रापलीकडचा साल दाराला उभा, आणि मी पन्नास वर्षं म्हणत होतो की साल आपल्याकडे नसतो. या भाऊबंदांच्या छेदातही राळेच्या पांढऱ्या रेषा असतात, त्यामुळे नुसत्या भिंगाने स्लीपर मंडल्याचा की मलायाचा हे सांगता येत नाही, असंही स्नेह्यांनी बजावलं. तिथे अण्णांचा शब्द धरायचा. भिंग 'साल' म्हणतं, 'सीपीचा' हे अण्णा म्हणतात. इतिहासाच्या शिक्षकाने साक्षीदाराला एवढं तरी मानायला हवं.

आता थोडं कार्ल्याबद्दल, कारण त्याशिवाय हे पुरं होत नाही. बेडसे, भाजे, कार्ले या लेण्यांना मी वर्षानुवर्षं सहली नेल्या. बेडशाच्या चैत्यातल्या लाकडी फासळ्या आता नाहीत. भाज्याला आणि कार्ल्याला त्या आहेत, सागाच्या, सुमारे दोन हजार वर्षांच्या. भाज्याच्या फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली, ती म. न. देशपांडे यांनी प्रसिद्ध केली. मी मुलांना सांगायचो, साग फार जड आणि कठीण असतो म्हणून तो एवढा टिकला. हे चूक आहे. साग जड नाहीच, सालाच्या, ऐनाच्या, खैराच्या मानाने तो हलका. तो टिकतो त्याच्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे, वाळवीला ती चालत नाहीत, आणि कार्ल्याला तर तो उंचावर, कोरडा, डोंगराच्या पोटात आहे, मातीला टेकलेला नाही. जडपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे जे विद्यार्थी हे वाचत असतील त्यांनी वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

गंमत बघा. बुद्धाचा जन्म लुंबिनीला सालाच्या झाडाखाली झाला आणि कुशीनगरला महापरिनिर्वाण जोडसालांच्या मध्ये, असं परंपरा सांगते. त्याच्या अनुयायांनी आमच्या डोंगरात चैत्य कोरले तेव्हा फासळ्यांना साग वापरला, कारण इथे तोच होता. साल या खोऱ्यात शिरला तो त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, रुळाखालून.

मग जडपणाचा उपयोग काय, हे अण्णांनी मला लहानपणी सांगितलं होतं, तेव्हा समजलं नव्हतं. मी त्यांचा डबा घेऊन लाइनवर जायचो. ते गिरमिटाने स्लीपरला भोक पाडत होते. मी विचारलं, खिळा सरळ का ठोकत नाही? ते म्हणाले, "आरं, सालात भोक पाडल्याबिगर खिळा शिरत न्हाय, वाकतो न्हायतर लाकूड तडकतं. पन येकदा बसला की गाडी गेली तरी सुटत न्हाय." सालाचे तंतू एकमेकांत आडवेतिडवे गुंतलेले असतात, म्हणून रंध्याला तो त्रास देतो आणि खिळ्याला धरून ठेवतो. शिवाय जड स्लीपर खडीत बूड घट्ट धरून बसतो, रूळ सरकत नाही. लाकडाला अजून एक गुण होता. मुंबई-पुणे मार्गावर १९२९मध्ये विजेच्या गाड्या पुण्यापर्यंत आल्या आणि पुढे सिग्नलसाठी रुळातून वीज खेळवण्याची पद्धत वाढली. लोखंडी स्लीपरमधून ती एका रुळातून दुसऱ्यात जाते, लाकडातून जात नाही. १९७०-८०नंतर सिमेंटचे आले आणि लाकडी हळूहळू पुलांपुरते, सांध्यांपुरते उरले.

म्हणजे वाचा: तो गाभा, त्या बंद नळ्या, ते वजन, ते गुंतलेले तंतू, हे सगळं अण्णांना हाताने ठाऊक होतं. चौथी शिकलेले होते. पावसाळ्यात रात्री कंदील आणि फटाके घेऊन गस्तीला जायचे, दरड आली का बघायला. त्यांच्या पगारावर मी बी.ए. झालो.

इमारत २०२१मध्ये पुरी झाली. स्लीपरचा सहा फुटांचा चांगला तुकडा उरला होता, तो आता खाली पार्किंगमध्ये भिंतीला लावून ठेवला आहे, दोन माणसांना उचलताना धाप लागली. डॉग स्पाइकची चार भोकं एका अंगाला तशीच आहेत. मध्यंतरी एका शेजाऱ्याने त्यावर बसून बुटाची नाडी बांधताना विचारलं, "गुरुजी, सागवान का हो?"

मी म्हटलं, "नाही. साल आहे. सीपीचा."